तवंग किनाऱ्याकडे सरकत असताना: कोपर्निकस ब्राउझरचा अनुभव

कोपर्निकस ब्राउझर ही युरोपीय संघाची मोफत सेवा आहे. सेंटिनेल उपग्रहांनी टिपलेली चित्रं तिथे कुणालाही बघता येतात. पिकं, वणवे, पूर, हिमनद्या अशा कितीतरी कामांसाठी लोक ती वापरतात. मी ती एकाच कामासाठी वापरली. एका जहाजाचं इंधन समुद्रात सांडलं होतं, ज्या किनाऱ्यावर माझा जीव आहे त्याच्याकडे ते सरकत होतं, आणि ते या घडीला नेमकं कुठे आहे हे मला हवं होतं. तेव्हा हे परीक्षण तेवढ्या एका कामापुरतंच आहे.

मी त्या किनाऱ्यापासून दूर राहते. तिथल्या खडपात ओहोटीला पाणी साचून राहतं, त्या डबक्यांमध्ये वाकून बघण्यात माझं निम्मं बालपण गेलं. समुद्रफुलं, शंखातले खेकडे, खडकाला घट्ट धरून बसलेली कालवं. पलीकडे खाडीचं तोंड आणि आत कांदळवन. हे सगळं डोळ्यांसमोर असताना बातम्यांमधून दोनच वाक्यं आलटून पालटून ऐकू येत होती: ‘तवंग पसरतो आहे’ आणि ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’. किती पसरला, कुठल्या दिशेला, वारा कुठला, याबद्दल अवाक्षर नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने फोन केला. म्हणाला, “ताई, सकाळपासून इंधनाचा वास मारतोय, पण पाणी नेहमीसारखंच दिसतंय.” वास येतोय आणि दिसत काही नाही, यासारखी असहाय करणारी दुसरी अवस्था मला माहीत नाही. मी त्याच रात्री हा ब्राउझर उघडला.

तेलासाठी इथे सगळ्यात कामाचा उपग्रह म्हणजे सेंटिनेल-१. तो फोटो काढत नाही, रडार लहरी सोडतो. त्यामुळे ढग असोत, रात्र असो, त्याचं काही अडत नाही. या लहरींची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. वाऱ्याने समुद्रावर जे बारीक तरंग उठतात त्यांच्यावरून त्या परततात आणि पाणी करडं, दाणेदार दिसतं. तेलाचा थर या बारीक तरंगांना दाबून टाकतो. पाणी गुळगुळीत होतं, लहरी उपग्रहाकडे परत न येता दुसरीकडे निघून जातात, आणि चित्रात तेवढा भाग काळा पडतो. जहाजं याच्या अगदी उलट, चमकदार पांढऱ्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात. एकाच चित्रात सुमारे अडीचशे किलोमीटर रुंदीचा पट्टा मावतो, म्हणजे जहाज, तवंग आणि आपला किनारा असं सगळं एका नजरेत येतं.

वापरायला अवघड नाही. संकेतस्थळ उघडायचं, नकाशा आपल्या किनाऱ्यावर आणायचा, उपग्रहांच्या यादीतून सेंटिनेल-१ निवडायचा आणि दिनदर्शिकेत ज्या तारखांना चित्र आहे त्यातली एक घ्यायची. थरांमध्ये, म्हणजे चित्र दाखवण्याच्या प्रकारांमध्ये, ‘व्हीव्ही’ आणि त्यातही डेसिबलमधला निवडावा, तेल त्यात जास्त स्पष्ट कळतं. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्या आपल्या घड्याळात बदलून घ्याव्यात. सेंटिनेल-१ कुठल्याही ठिकाणावरून स्थानिक वेळेनुसार साधारण पहाटे सहा किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. अंतर आणि क्षेत्रफळ मोजायची सोय आहे. दोन तारखांची चित्रं एकावर एक ठेवून मधली रेघ सरकवत तुलना करता येते, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचाच. एका बाजूला तवंगाआधीचा समुद्र, दुसऱ्या बाजूला आताचा. चित्र उतरवून घ्यायचं असेल तर खातं लागतं, तेही मोफत.

मला ते दिसलं तेव्हाचं सांगते. पांढऱ्या ठिपक्यापासून निघालेला एक काळा पट्टा, आधी अरुंद, मग फाटत फाटत रुंद होत गेलेला, आणि त्याचं टोक खाडीच्या दिशेला वळलेलं. मी मोजपट्टी टाकून टोकापासून खडपापर्यंतचं अंतर मोजलं. पोटात गोळा आला. पण त्याच क्षणी, इतके तास ज्याने पछाडलं होतं ते ‘कुठेतरी आहे’ संपलं. आता ते एका ठिकाणी होतं.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण या सेवेत चित्र सहज मिळतं पण ते वाचायला कुणी शिकवत नाही. रडारवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तेल नव्हे. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी झाला की तरंगच उठत नाहीत आणि सगळा समुद्र काळा दिसतो. डोंगराच्या किंवा बेटाच्या आडोशाला वारा पडतो, तिथे मोठे मऊ कडांचे डाग दिसतात. शेवाळ आणि सूक्ष्म जीवांपासून सुटणारा नैसर्गिक तेलकटपणा भोवऱ्यांबरोबर वळणाऱ्या बारीक धाग्यांसारखा दिसतो. जोरदार पावसाच्या सरींचेही ठसे उमटतात. उलट वारा फार वाढला तर खरं तेलसुद्धा लाटांमध्ये घुसळून जातं आणि चित्रातून गायब होतं, म्हणजे तेल असूनही दिसत नाही. त्यामुळे चित्राच्या वेळेचा वारा माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ताज्या तवंगाच्या कडा बहुधा रेखीव असतात, त्याच्या एका टोकाला जहाज किंवा गळतीची जागा सापडते, आणि पुढच्या चित्रात तो वाऱ्या-प्रवाहाच्या हिशोबाने सरकलेला असतो. या तीनही गोष्टी जुळल्या तर विश्वास ठेवावा. आकाश निरभ्र असेल तर सेंटिनेल-२ची रंगीत चित्रंही त्याच ब्राउझरमध्ये ताडून बघता येतात. त्यांची स्पष्टता दहा मीटरची आहे, आणि सूर्याची झळाळी योग्य कोनात असेल तर त्यात तेलाचे पट्टे सुंदर कळतात. सुंदर हा शब्द इथे नको होता, पण खरंच तसे दिसतात.

सगळ्यात मोठी मर्यादा वेळेची. एक सेंटिनेल-१ त्याच कक्षेत बारा दिवसांनी परत येतो, दोन असतील तर सहा दिवसांनी. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या फेऱ्या मिळून, पट्टे एकमेकांवर चढत असल्यामुळे, बऱ्याच किनाऱ्यांना त्याहून लवकर चित्र मिळतं. ध्रुवांकडे आणखी लवकर. सेंटिनेल-१ मालिकेतला १बी हा उपग्रह डिसेंबर २०२१मध्ये बंद पडला आणि जवळपास तीन वर्षं १ए एकट्यानेच काम ओढत होता. डिसेंबर २०२४मध्ये १सी अवकाशात सोडला गेला, नोव्हेंबर २०२५मध्ये १डी. तरीही दोन चित्रांच्या मध्ये जे दिवस जातात ते जातातच, आणि तेल त्या दिवसांत थांबत नाही.

या रिकाम्या दिवसांसाठी एक ठोकताळा आहे, तो माझ्यासारख्या कुणालाही वापरता येतो. पाण्यावरचं तेल प्रवाहाबरोबर प्रवाहाच्याच वेगाने जातं, आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेला ढकललं जातं. सेकंदाला दहा मीटर वारा असेल तर केवळ वाऱ्यामुळे तेल दिवसाला साधारण २६ किलोमीटर सरकतं. मी शेवटच्या चित्रातलं टोक घ्यायचे, हवामानाच्या अंदाजातला वारा घ्यायचे आणि कागदावर रेघ मारायचे. मतलई वारा सुटला की रेघ समुद्राकडे वळायची आणि मला श्वास घेता यायचा. खारा वारा सुटला की परत आत. रात्री वारा बदलला का हे बघायला उठायची सवय मला तेव्हा लागली. त्याने वारा बदलत नाही हे मला ठाऊक होतं. तरी उठत होते.

हे चित्र आणखी एक गोष्ट सांगत नाही: थर किती जाड आहे. आणि तीच तर खरी गोष्ट आहे. रुपेरी झाक म्हणजे थर मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) एखाद्या अंशाएवढा, इंद्रधनुषी झाक म्हणजे साधारण ०.३ ते ५ मायक्रोमीटर. एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रोमीटर जाडीचा थर म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. त्याच क्षेत्रफळावर शंभरपट जाड थर असला तरी रडारला तो जवळपास तसाच काळा दिसेल. जड इंधन लाटांमध्ये पाणी शोषून तपकिरी, चिकट लगदा होतं आणि त्याचं आकारमान चार-पाच पटींनी वाढू शकतं, तेही वरून मोजता येत नाही. म्हणून क्षेत्रफळ मोजून ‘इतके टन’ असे आकडे फिरवणाऱ्यांपासून सावध राहा. दुसऱ्या बाजूने, कमी करून सांगितलेले आकडे अशा चित्रांनी उघडे पाडलेही आहेत. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटाखालची विहीर फुटली तेव्हा सुरुवातीला गळती दिवसाला हजार पिंपं, मग पाच हजार असं सांगितलं जात होतं. स्कायट्रुथ या छोट्या संस्थेने आणि काही समुद्रशास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी असल्याचं तेव्हाच मांडलं. पुढे सरकारी शास्त्रज्ञांच्या गटाने सुरुवातीचा वेग दिवसाला सुमारे ६२,००० पिंपं ठरवला. विहीर ८७ दिवस वाहत होती. त्या किनाऱ्यावरचे लोक इतके दिवस रोज काय बघत असतील, हे मला आता जास्त कळतं.

त्याच स्कायट्रुथची ‘सेरुलियन’ नावाची मोफत सेवा आहे, तिचा उल्लेख इथे करायलाच हवा. ती सेंटिनेल-१ची चित्रं यंत्राकडून तपासून घेते, संभाव्य तवंगांभोवती रेघ आखते आणि जवळपास कुठली जहाजं होती ते त्यांच्या संकेतांवरून जुळवून बघते. ज्याला काळे डाग वाचण्यात वेळ घालवायचा नाही त्याने आधी तिथे जावं. मला मात्र स्वतः चित्र बघायचं होतं, यंत्राने आखलेली रेघ बघून माझं समाधान होत नव्हतं. युरोपीय देशांच्या यंत्रणांसाठी क्लीनसीनेट ही सेवा २००७पासून आहे, ती उपग्रह गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत संबंधित देशाला सूचना देते. ती सामान्य माणसासाठी नाही. आपल्याला मिळतं ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एवढा उशीर मी समजू शकते, पण तो सहन करणं वेगळं.

आता मुख्य प्रश्न. बघून उपयोग काय? चुलतभावाने फोनवर हेच विचारलं, “बरं, दिसलं. मग आम्ही काय करायचं?” मी त्या प्रश्नावर बराच वेळ गप्प होते. समुद्रावरचं तेल थांबवणं माझ्या हातात नव्हतं, त्याच्याही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाच्याच पूर्णपणे नसतं. मोठ्या गळतीत यंत्रांनी समुद्रावरून उचललेलं तेल १०-१५ टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातं. तरंगते अडसर लावले तरी त्यांच्याकडे काटकोनात येणारा प्रवाह ०.७ नॉटच्या (ताशी साधारण १.३ किलोमीटरच्या) वर गेला की तेल खालून निसटतं, आणि उधाणाच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी प्रवाह यापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून अडसर तिरपा लावतात, तेलाला एखाद्या पुळणीकडे वळवतात, कारण वाळूवरून ते गोळा करता येतं, कांदळवनातून येत नाही.

हे कळल्यावर ब्राउझरचा दुसरा उपयोग सापडला, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. मी सेंटिनेल-२ची जुनी, निरभ्र, ओहोटीच्या वेळची चित्रं काढली. त्यांवर खाडीची मुख्य आणि दोन बारीक तोंडं, कांदळवनाची कड, कासवं अंडी घालतात ती पुळण आणि जवळ रस्ता असलेल्या वाळूच्या जागा खुणा करून ठेवल्या. बारीक तोंडांपैकी एक मला लहानपणापासून माहीत होतं तरी ते आत किती दूर जातं हे वरून बघितल्यावरच कळलं. हा नकाशा चुलतभावाला पाठवला. त्याने तो किनाऱ्यावर काम करणाऱ्या पथकापर्यंत पोचवला. त्यांच्याकडे त्यांचे नकाशे असणारच, तरी भरतीला भरणाऱ्या आणि ओहोटीला दिसेनाशा होणाऱ्या ओहोळांची माहिती तिथल्याच माणसाला असते.

दुसरं काम त्याने केलं ते मी सांगितल्यावरून. तेल येण्याआधी, ओहोटीला, किनाऱ्याचे फोटो. खडपातली डबकी, कालवांचे खडक, कांदळांची श्वसनमुळं, वाळू, प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि जागा. नंतर नुकसान किती झालं हे ठरवताना आधी काय होतं याचा पुरावा लागतो. जहाजांच्या इंधनगळतीच्या भरपाईसाठी २००१चा आंतरराष्ट्रीय बंकर करार आहे, तो २००८पासून अमलात आला, पण दावा करणाऱ्याला नुकसान दाखवावं लागतं. तेल लागून गेल्यावर स्वच्छ खडकाचा फोटो काढता येत नाही.

आणि तिसरं, जे न करण्याचं काम होतं. तेल दिसताच लोक बादल्या, फावडी, साबण घेऊन धावतात. मलाही तेच वाटत होतं, जमलं असतं तर मीही धावले असते. पण १९६७मध्ये टॉरी कॅन्यन जहाजाच्या तेलावर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जी डिटर्जंट ओतली गेली, त्यांनी खडकावरच्या जिवांचं तेलापेक्षाही जास्त नुकसान केलं. १९८९मध्ये एक्झॉन वाल्डेझ जहाजाच्या तेलानंतर अलास्कात गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून जे किनारे धुतले, तिथले जीव फवाऱ्यांनीच मेले आणि सावरायला जास्त वेळ लागला. कांदळवनात पाय टाकला तर वरचं तेल चिखलात खोल दाबलं जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. चुलतभावाने लोकांना कांदळवनाच्या कडेवर थांबवलं, त्यावरून त्याचं दोघा-तिघांशी भांडण झालं. तो थांबला म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

हातांचा उपयोग होत नाही असं मात्र अजिबात नाही. दक्षिण कोरियात ताआनच्या किनाऱ्यावर २००७च्या डिसेंबरमध्ये हेबेई स्पिरिट या टँकरमधून १०,००० टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं, तेव्हा बारा लाखांहून अधिक माणसं आली आणि एकेक दगड फडक्याने पुसत बसली. २०२०मध्ये मॉरिशसजवळ वाकाशियो जहाज खडकावर चढलं आणि तेल गळू लागलं, तेव्हा तिथल्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून स्वतः अडसर शिवले. आपल्या किनाऱ्याकडे तेल येताना जी तगमग होते तिला कुठेतरी वाट हवीच असते. ती वाट तिथल्या प्रशिक्षित माणसांना विचारून काढावी, हातमोजे आणि मुखपट्टी लावून, आणि त्यांनी सांगितलेल्याच जागी.

पाचपैकी मी या सेवेला चार देते. मोफत, सगळ्यांसाठी खुली, रात्री आणि ढगांतूनही बघणारी, आणि जुनी चित्रंसुद्धा जपून ठेवणारी. एक कमी केला तो चित्र वाचण्याच्या मार्गदर्शनासाठी: जिवाला घोर लागलेला माणूस रात्री दोन वाजता हे उघडतो तेव्हा त्याला ‘हा डाग वाऱ्याचाही असू शकतो’ असं सांगणारं एक वाक्य तिथेच, चित्राशेजारी, हवं.

ज्यांचा कुठल्याही किनाऱ्यावर जीव आहे त्यांनी एक करावं. आज, काहीही सांडलेलं नसताना, आपला किनारा तिथे शोधावा. भरतीचं आणि ओहोटीचं असं सेंटिनेल-२चं प्रत्येकी एक स्वच्छ चित्र, आणि बेताचा वारा असतानाचं सेंटिनेल-१चं एक, तारीख लिहून उतरवून ठेवावं. आडोशाला वारा पडून कायम कुठे काळं दिसतं ते त्यातून आधीच कळतं. जहाज खडकावर चढल्यानंतर हे शिकायला कुणाचं डोकं थाऱ्यावर नसतं.